कापडी बिल्ला

माझ्या धाकट्या दिरांच्या जाकिटावर डाव्या दंडाला एक कापडी बिल्ला होता. निळ्या कापडावर पांढरं विमान, त्याच्याखाली नदीची दोन वळणं आणि कडेनं पिवळ्या रेशमाची शिवण. परदेशातल्या एका कंपनीनं तो पाठवला होता. तो कसा मिळाला ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यारावळ्यांपुढं अजून सांगतात. गेल्या महिन्यात पुतण्याच्या साखरपुड्यात पुन्हा सांगितली. मी तेव्हा पंगतीत जिलेबी वाढत होते. दीर म्हणाले, "बिल्ला कुठं गेला कुणास ठाऊक, नायतर दाखवला असता." सगळे हसले. मी पुढच्या ताटाकडं सरकले.

घरी आल्यावर मुलीची जुनी वही शोधली. तिची मागची पानं कोरी होती. मी चौथी शिकलेली आहे, मला लिहायला वेळ लागतो. पण ही वही कुणाला दाखवायची नाही, तेव्हा घाई नाही. ती गोष्ट सांगतात तशी झालेली नाही, एवढंच मला लिहून ठेवायचं आहे.

माझं माहेर खर्ड्याकडचं. चौथीला मला गणितात चांगले मार्क होते. मास्तर घरी येऊन वडिलांना म्हणाले, पोरगी हुशार आहे, पाचवीला खर्ड्याला घाला. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "मंग जवारी कोन राखील?" मास्तरांनी चहा पिऊन घेतला. पाटी-दप्तर धाकट्या भावाकडं गेलं आणि मी माळ्यावर चढले.

माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेलं उंच मचाण. ज्वारी हुरड्यात आली की त्यावर उभं राहून पाखरं उडवायची. हातात अंबाडीच्या दोरीची गोफण, पायाशी गोट्यांचा ढीग. पहिला आठवडा माझा एकही दगड लागला नाही. मग कळलं की पाखराकडं बघून दगड सोडायचा नसतो. पाखरू जिथं जाणार आहे तिथं सोडायचा. दगड निघतो तेव्हा तिथं काही नसतं. दगड पोचतो तेव्हा पाखरू आलेलं असतं. हे मला कुणी शिकवलं नाही. दोरीचं एक टोक नेमकं केव्हा सोडायचं ते हाताला समजलं, डोक्याला नंतर समजलं.

बहात्तरच्या दुष्काळात पीकच आलं नाही. राखायला काही नव्हतं, पाखरंही फिरकली नाहीत. आम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पुढच्या वर्षी पुन्हा माळ्यावर. असं लग्न होईपर्यंत.

लग्न सोळाव्या वर्षी झालं. घरात आल्याबरोबर परातीत तांदूळ पसरून त्यांत अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. माहेरचं नाव इथं चालणार नव्हतं, कारण सासूबाईंच्या सासूचं तेच नाव होतं. मला हाक मारायची तर सासूबाईंना आपल्या सासूचं नाव तोंडानं घ्यावं लागलं असतं. नवं नाव सासूबाईंनी काढलं होतं. यांनी ते तांदळात लिहिलं, सगळ्यांनी वाचलं आणि मग ते तांदूळ गोळा करून डब्यात टाकले. शाळेच्या दाखल्यावरचं नाव त्या दिवसापासून कुणी घेतलं नाही. माहेरी गेलं तरी आई "अगं ए" म्हणायची, कारण आता कुठलं नाव घ्यायचं ते तिलाही कळत नसे.

हे नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर होते. कारखान्याच्या मागं दोन खोल्या, वर पत्रा, एक दिवसाआड तासभर नळाला पाणी. घरात सासूबाई, आम्ही दोघं, पुढं मुलगी झाली ती, आणि धाकटे दीर. दीर आयटीआय करून मस्कतला गेले. दोन वर्षांनी पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा त्यांनी रंगीत टीव्ही आणला, कॅमेरा आणला, यांच्यासाठी घड्याळ आणलं आणि टीव्हीवर खेळायचं एक यंत्र आणलं.

काळा डबा, पुढून लाकडासारखी पट्टी. त्याला खाच होती, तीत वहीएवढी जाड कॅसेट खोचायची. एक वायर टीव्हीला जायची. दुसऱ्या वायरीच्या टोकाला एक ठोकळा, त्यावर उभी काळी दांडी आणि कोपऱ्यात लाल बटन. सुरू केलं की पडद्यावर वरून खाली एक निळी नदी वाहत येई. तिच्या मधोमध आपलं विमान. दोन्ही काठ हिरवे, काठाला लागलं की विमान फुटे. समोरून बोटी, हेलिकॉप्टरं आणि नदीवर आडवे पूल. बटन दाबून ते फोडायचे. प्रत्येकाचे मार्क पडत. शिवाय विमानाचं तेल सारखं कमी होई. नदीत मधूनमधून तेलाच्या टाक्या येत, त्यांच्यावरून गेलं की तेल भरे.

रविवारी यांच्या कारखान्यातले दोघं-तिघं यायचे. मी आतल्या खोलीच्या दारात कांदा चिरत बसे.

"हान, हान! ती टाकी फोड, तिचे बी मार्क हायेत!"

"फोडली की! आता बघ— अरारा!"

"गेला. तेल संपलं."

"तुला सायकल नीट चालवता येत न्हाई, तू इमान चालवाय निघालास व्हय!"

"वहिनी, च्या टाका. ह्याचं तेल संपलंय."

मी बघत होते. सगळे एकच चूक करत होते. मार्कांच्या हावेनं तेलाच्या टाक्या फोडत आणि पुढं जाऊन कोरडे पडत. मला वाटे, नळाला पाणी असताना हंडा फोडणारी माणसं ही. दांडी मागं ओढली की विमान हळू होतं, हे त्यांना माहीत होतं, पण हळू जायला कुणीच तयार नव्हतं. टाकीवरून हळू गेलं की तेल पूर्ण भरतं. मला ते दारातून दिसत होतं. बोलण्याचा प्रश्न नव्हता. मी बाहेरच्या माणसांपुढं बोलतच नसे, चहाची बशी ठेवायचीसुद्धा हात लांब करून.

सासूबाई दुपारी शेजारी गहू निवडायला जात. दीर गावात दोस्तांकडं. मुलगी झोपलेली. एक दिवस मी टीव्हीवरचं भरतकामाचं फडकं उचललं आणि यंत्र लावलं. आवाज पूर्ण बंद केला. पहिली तीन विमानं काठाला आपटून गेली. चौथ्या वेळी एक हेलिकॉप्टर डावीकडून उजवीकडं निघालं. मी त्याच्याकडं बघून बटन दाबलं नाही, त्याच्या पुढं मोकळ्या पाण्यात गोळी सोडली. ते आपणहून गोळीवर आलं. माझ्या उजव्या दंडाला दहा वर्षांनी काहीतरी आठवलं. मी बसल्या जागी हसले. त्या घरात मी एकटी असताना हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मग रोज दुपारी. पंधरा दिवसांत मी नदीला ओळखायला लागले. कुठल्या पुलानंतर काठ जवळ येतात, कुठं बेट आहे, कुठल्या वळणावर दोन टाक्या लागोपाठ येतात. आकडे इंग्रजी होते, पण यांच्या हजेरीच्या कार्डावरून मला ते वाचता येत होते. यंत्र बंद केलं की आकडा पुसला जाई. तेव्हा दुपारी मी काय केलं होतं ते संध्याकाळी कुठंच नसे. फडकं होतं तसं टाकलेलं असे.

एका दुपारी दीर लवकर आले. मला कळलंच नाही. मागून आवाज आला, "वैनी! हे तुमी केलं?"

मी दांडी टाकून उठले. विमान काठाला लागलं. पदर डोक्यावर ओढून मी आत निघाले तर ते दारात आडवे. रागावले नव्हते. पडद्यावरच्या आकड्याकडं बोट दाखवून हसत होते.

"अवो, आमची सगळी गँग अजून पाच हजाराच्या वर गेली न्हाई. आनि तुमी हितं सोळा हजार करून बसलाय? चुपचाप?"

"भावजी, आत्याबाईंना सांगू नका," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी सासूबाईंना सांगायचं ते सांगितलंच, पण मनात खोट नव्हती. त्यांना कौतुकच वाटलं होतं. खोक्यातून त्यांनी यंत्राबरोबर आलेलं पुस्तक काढलं, त्यातलं शेवटचं पान वाचून मराठीत सांगितलं. जो वीस हजारांच्या वर जाईल त्यानं टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा. आपलं नाव-पत्ता लिहायचा. कंपनी त्याला एक बिल्ला पाठवील, वैमानिकांचा असतो तसा.

"वैनी, तुमी व्हनार वैमानिक," दीर म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "आधी भाकरी गोल व्हऊ दे तिची."

फोटोचा दिवस दिरांनी ठरवला. हे पहिल्या पाळीला गेले होते. फोटोत काच चमकू नये म्हणून खिडकीवर गोधड्या टांगल्या. दिवसाढवळ्या खोली अंधारी झाली. दीर कॅमेरा घेऊन बाजूला, सासूबाई मागं पाटावर. कुणी बघत असताना मी कधी खेळले नव्हते. पदर इतका पुढं ओढला की मला फक्त पडदा दिसावा, आणि त्यांना माझं तोंड दिसू नये.

तो खेळ थांबवता येत नसे. एकदा निघालं की नदी येतच राहते. अठरा हजारांच्या सुमाराला मुलगी झोपेतून उठली आणि रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोर रडतीय." मी ऐकलं. उठले नाही. पुन्हा म्हणाल्या, "आई हायस का कोन हायस?" मग त्यांनीच तिला उचललं. माझं तिसरं विमान पुलाच्या कोपऱ्याला लागून गेलं. एक उरलं. तेल तळाला आलेलं. दोन बोटींच्या मधून टाकी येत होती, मी दांडी मागं ओढून हळू तिच्यावरून गेले आणि काटा पूर्ण भरू दिला.

वीस हजार झाले तेव्हा दीर ओरडले. मी पुढं जात राहिले. एकवीस हजारांच्या वर शेवटचं विमान गेलं. आकडा पडद्यावर तसाच राहिला.

"हलू नका वैनी. हात तिथंच ठिवा."

त्यांनी तीन फोटो काढले. माझे हात दांडीवर तसेच. मुलगी सासूबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. मग गोधड्या काढल्या, उजेड आला आणि मी भात टाकायला आत गेले.

फोटो गावातून धुऊन यायला आठ दिवस लागले. एक चांगला आला होता. पडद्यावरचे सगळे आकडे स्वच्छ. डावीकडं खालच्या कोपऱ्यात दांडी धरलेला माझा हात, मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. दीर जमिनीवर पाकीट, कागद, पेन मांडून बसले. मी त्यांच्यासमोर भाजी निवडत होते. सासूबाई मुलीची वेणी घालत होत्या.

"हां वैनी, सांगा. नाव काय घालू?"

आता मी त्या क्षणापाशी आले आहे. तेव्हापासून मी तो इतक्या वेळा मनात फिरवला आहे की त्याच्या कडा झिजल्या असतील, पण जसा होता तसा लिहिते.

मला लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी नाव विचारलं होतं. माझ्या मनात आधी शाळेच्या दाखल्यावरचं नाव आलं. गोफण त्या नावाच्या मुलीनं शिकली होती. बिल्ला तिचा होता. पण ते नाव सासूबाईंच्या समोर म्हणजे त्यांच्या सासूचं नाव. ते मी मोठ्यानं उच्चारायचं आणि परदेशी पाकिटावर लिहून घ्यायचं, हा त्यांचा अपमान झाला असता. दुसरं नाव होतं ते तांदळातलं. ते सांगितलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण ते माझ्या तोंडातून निघेना. मला वाटलं, भाकरी गोल झाली नाही की ज्या नावानं हाक येते, त्याच नावानं हेही जावं का. मेथीची एक काडी हातात धरून मी ठरवत बसले. एवढा वेळ कुणी थांबतं होय.

सासूबाई म्हणाल्या, "तिचं कशाला? बाईच्या नावानं परदेशातनं पाकीट आलं तर पोस्टमन चार घरं हिंडून इचारंल, कोन ही बाई. तुजंच घाल."

दीर माझ्याकडं बघून म्हणाले, "घालू का वैनी माझं? आलं की तुमचंच हाय ते."

मी मान डोलावली.

त्यांनी आपलं नाव लिहिलं. मग फोटो हातात घेतला आणि थोडा विचार केला. "ह्या बांगड्या दिसत्यात. कंपनी म्हनंल, फसवतोय." कात्री मागितली. मी उठून शिवणाच्या डब्यातली कात्री आणून दिली. त्यांनी डावीकडची पट्टी सरळ कापून काढली. पडदा पूर्ण राहिला, हात गेला. केर काढताना ती पट्टी मी उचलली आणि ट्रंकेत माझ्या दाखल्यात घालून ठेवली.

दीर परत मस्कतला गेले. एका रविवारी कारखान्यातल्या एकानं बोट चुकवताना दांडी इतक्या जोरात पिळली की ती मुळातून मोडली. यांनी लेथवर नवी करून बघितली, बसली नाही. यंत्र खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. पत्र्याखालच्या त्या फळीला आम्ही माळाच म्हणतो.

पाच महिन्यांनी पाकीट आलं. जाड, पिवळसर, अनोळखी तिकिटांचं. मी दारातच घेतलं. बोटांनी दाबल्यावर आत कापड लागलं. हे कामावरून आल्यावर मी म्हटलं, "फोडून बघू या का?"

"त्याच्या नावाचं हाय," हे म्हणाले. "दुसऱ्याचं पाकीट फोडू ने. रजेवर आला की फोडील."

सासूबाईंनी ते आपल्या पेटीत शालूच्या घडीत ठेवलं. दीर पुढच्या रजेवर आले तेव्हा पाकीट येऊन सात महिने झाले होते. मधे कधी सासूबाई पेटी उघडीत तेव्हा मी काही ना काही द्यायला त्यांच्या खोलीत जाई. घडीतून पाकिटाची कड दिसे.

दिरांनी पाकीट फोडलं तेव्हा घरात माणसं होती. रविवारचेच ते. बिल्ला हातोहात फिरला. आत एक इंग्रजी पत्र होतं, ते दिरांनी मराठीत वाचून दाखवलं. "प्रिय वैमानिक, तुमच्या कौशल्याबद्दल अभिनंदन." खाली कुणा साहेबाची सही. एक जण म्हणाला, "लेका, तू तर कमाल केलीस!" दीर हसले. मला वाटलं आता सांगतील. त्यांनी माझ्याकडं बघितलंही. मग म्हणाले, "सोपं न्हवतं बाबा. तेल सांभाळावं लागतंय." ते वाक्य माझं होतं. फोटोच्या आधी मीच त्यांना सांगितलं होतं.

संध्याकाळी ते जाकीट घेऊन आले. "वैनी, तुमचा हात चांगला हाय. एवढा लावून द्या ना."

मी लावून दिला. डाव्या दंडाला, खांद्यापासून चार बोटं खाली. निळ्या दोऱ्यानं, बारीक टाके, उलट्या बाजूनं गाठ. वाईट शिवला असता तर बरं वाटलं असतं, पण हाताला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांना चहा देताना मी म्हटलं, "तो बिल्ला माझा होता."

यांनी चहा बशीत ओतला. "त्यानं यंत्र आनलं. त्यानं फोटू काढला. पाकीट त्यानं धाडलं. तू नुसती दांडी हलवली. आनि पोर रडत हुती तरी उठली न्हाईस, आई सांगत हुती." चहा प्यायले आणि पाळीला गेले.

त्या रजेत दिरांसाठी मुली बघितल्या. प्रत्येक ठिकाणी ते जाकीट घालून जात, मार्चच्या उन्हातसुद्धा. बिल्ल्याची विचारपूस होई. एका घरच्यांना ते विमान खरोखरचं वाटलं, तेही कुणी फारसं दुरुस्त केलं नाही. त्याच घरची मुलगी माझी जाऊ झाली.

जाऊ स्वभावानं चांगली आहे. एका दिवाळीत आम्ही दोघी चकल्या तळत होतो, आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "ते विमान मी चालवलं होतं."

"कुठलं विमान?"

"बिल्ल्याचं."

तिनं झारा खाली ठेवला आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अवो ताई! तुमाला मिक्सर चालू करायची भीती वाटती!" मग बाहेर जाऊन दिरांना सांगितलं. दिरांनी तिथूनच आवाज दिला, "हां, हां. वैनी बी खेळायच्या की थोडं थोडं." त्या आवाजात लबाडी नव्हती. मी लक्ष देऊन ऐकलं. ते खरंच विसरले होते. लबाडी असती तर मला धरायला काहीतरी राहिलं असतं. मला ट्रंकेतली पट्टी आठवली. पण पट्टीवर काय आहे? बांगड्यांचा हात आणि काळी दांडी. आकडा दुसऱ्या तुकड्यावर, तो परदेशात.

त्यानंतर काही वर्षांनी दीर कायमचे परत आले. पोट सुटलं, जाकीट अंगात जाईना. पुढच्या गल्लीत त्यांनी घर बांधलं.

एका सकाळी बोहारीण आमच्या दारात आली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी, नेहमीचीच. डोक्यावरची पाटी उतरवून ती ओट्यावर टेकली आणि पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन बाहेर आले तर तिच्या गाठोड्यातून एक बाही लोंबत होती. बाहीवर बिल्ला.

"हे कुठून आणलं?"

"त्या पुढच्या गल्लीतल्या बाईनं दिलं. अन् दोन प्यांटी. डबा नेला झाकनाचा." तिनं डब्याचा जोड दाखवला. स्टीलचा, पावशेर साखर मावेल एवढा.

मी म्हटलं, "मला तो बिल्ला दे."

"आन् जाकीट?"

"जाकीट नको."

"अवो बाई, त्येवडा काडला तर बाहीला डाग दिसंल. कोन घील मंग? काय देता?"

मी आत गेले. जरीच्या काठाची एक साडी होती, दोनदा नेसलेली, मंगळागौरीला माहेरून आलेली. ती तिला दिली. तिनं पदर पसरून उजेडात धरला, काठ बोटानं घासला आणि माझ्याकडं संशयानं बघितलं. एवढ्याशा कापडाला एवढी साडी कोण देतं. तिला वाटलं असेल, बिल्ल्यात काही सोनंबिनं आहे. तिनं तो दाबून, वाकवून बघितला.

मग मी ओट्यावर बसून कात्रीच्या टोकानं टाके उसवायला लागले. गाठ कुठं आहे ते मला माहीत होतं. ती पाणी पीत बघत होती.

"कुनाचा हाय ओ ह्यो?"

गल्लीत कुणी नव्हतं. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. हे कामावर होते.

"माझा," मी म्हणाले.

बोहारणीनं तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि पाटी डोक्यावर घेता घेता विचारलं, "मंग दिला कशापायी?"

मी टाके उसवत राहिले.